भेटकीच्या हिशेबातलं लाकूड

शियालदाहून लोकल सुटली की दुसरं स्टेशन डमडम. १८६०च्या दशकात याच शियालदाहजवळ एक तलाव खणला जात होता. मजूर तीसेक फूट खाली गेले, तेव्हा कुजक्या पाल्याच्या काळ्याभोर थरात त्यांना झाडांचे बुंधे लागले. ते वाहून आलेले नव्हते. आपापल्या मुळांवर उभे होते. भूवैज्ञानिक हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी त्यांची नोंद करून ठेवली. ज्या झाडावरून सुंदरबनाला नाव मिळालं असं मानतात, त्या सुंदरीचेच ते बुंधे होते. आजचं कोलकाता गाडल्या गेलेल्या खाजणावर उभं आहे, आणि उभं राहिल्यावरही ते जगलं खाजणाच्या जिवावरच. डमडमच्या दक्षिण अंगाने केष्टोपूरचा कालवा जातो. आज त्यात काळं सांडपाणी दिसतं, पण शहराच्या पूर्वेचं हे कालव्यांचं जाळं एके काळी नावांनी गजबजलेलं असे. सुंदरबनातून गरान या झाडाचं सरपण, घराच्या मेढी, छपराला लागणारी गोलपाता, मध आणि मासळी याच वाटेने शहरात उतरत असे. सरपणाची ती वाट आता बंद झाली आहे. मासळीची चालूच आहे. बंगाली लग्नाच्या पंगतीत ज्या भेटकीच्या ‘फ्राय’शिवाय चालत नाही, ती भेटकी म्हणजे आपल्या कोकणातला जिताडा. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच.

या एका माशाचं आयुष्य पाहिलं, तर लाकूडतोड आणि वन्यजीवरक्षण यांचा ‘समतोल’ साधण्याच्या चर्चेत आपण कुठे चुकतो ते उघड होतं. समतोल म्हटला की तराजूची दोन पारडी डोळ्यांपुढे येतात: एकात लाकूड, दुसऱ्यात वाघ किंवा मासा. थोडं इकडून काढा, थोडं तिकडे घाला. डोंगरावरच्या सागवानाच्या बाबतीत हे चित्र काही अंशी चालून जाईल. भरतीच्या पाण्यात उभ्या असलेल्या जंगलाला ते लागूच पडत नाही. तिथे लाकूड आणि मासा एकाच खात्यावर आहेत. लाकूडतोड्या कुऱ्हाड घालतो तेव्हा ती रक्कम कोळ्याच्या खात्यातून वजा होते, आणि कोळ्याला ते काही वर्षांनी कळतं. म्हणून खाजणातून किती लाकूड काढायचं, हे लाकूड किती वाढतं यावरून ठरवणं मुळातच चुकीचं आहे. ते ठरायला हवं त्या खाडीत किती पिल्लं जगतात यावरून, आणि ठरवताना त्या खाडीत जाळं टाकणाऱ्या माणसाचा शब्द शेवटचा असायला हवा.

जिताडा नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात आणि खाजणाच्या चिंचोळ्या फाट्यांमध्ये, तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांच्या गर्दीत लपून वाढतात. मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही. खायलाही तिथे मुबलक असतं, कारण तिवराचं किंवा कांदळाचं पान गळून चिखलात पडलं की बुरशी आणि जिवाणू त्याला कुजवतात, खेकडे ते कुरतडतात, कोळंबी त्या चुऱ्यावर पोसते आणि पिल्लं कोळंबीवर. म्हणजे पाण्यातल्या माशाचं अन्न झाडावर लागलेलं असतं. पुढे हा मासा एक अजब गोष्ट करतो. आयुष्याची पहिली काही वर्षं तो नर असतो, मग त्याची मादी होते. बाजारातली मोठी, वजनदार भेटकी बहुतेक वेळा मादीच असते आणि त्या वयाला पोचण्याआधी तिने अनेक वर्षं काढलेली असतात. जंगलाची एक पट्टी तोडली आणि ती दहा वर्षांत पुन्हा हिरवी झाली, तर वनाधिकारी ‘पुनरुत्पादन समाधानकारक’ असा शेरा मारू शकतो. पण मधल्या दहा वर्षांत ज्या पिल्लांना लपायला मुळं मिळाली नाहीत, त्यांतून ज्या माद्या व्हायच्या होत्या त्या झाल्याच नाहीत. ही तूट कुठल्याच नोंदवहीत चढत नाही.

चढत नाही, कारण नोंदवही लाकडाची होती. सुंदरबनातलं जंगल १८७०च्या दशकात राखीव आणि संरक्षित झालं. त्याआधी ते तोडून भातशेती करणं हेच सरकारचं धोरण होतं. त्यामुळे वनखात्याने ते वाचवलं हे खरं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण वाचवलं ते लाकडासाठी. पुढे कार्य आयोजना आल्या, जंगलाचे कूप पडले, कुठला कूप किती वर्षांनी तोडायचा याची आवर्तनं ठरली. हे सगळं काळजीने केलेलं काम होतं. जर्मन वनशास्त्राचा सगळा नेटकेपणा त्यात होता. तरीही निकाल काय लागला? पूर्वेकडच्या, आजच्या बांगलादेशातल्या सुंदरबनात १९५९ आणि १९८३ मध्ये झाडांची मोजणी झाली. या दोन मोजण्यांच्या मध्ये सुंदरी आणि गेवा या दोन मुख्य व्यापारी झाडांचा साठा ४० ते ४५ टक्क्यांनी घटला. १९५९ मध्येच खुलन्याला न्यूजप्रिंटची गिरणी सुरू झाली होती आणि तिला गेव्याचं लाकूड लागत होतं. १९८९ मध्ये बांगलादेशाने जंगलतोडीवर बंदी घातली, पण गिरणीसाठी गेवा तुटतच राहिला. २००२ मध्ये गिरणी बंद पडली. जे जंगल आयोजनेनुसार, वर्षाच्या वाढीपेक्षा जास्त तोडायचं नाही या तत्त्वावर चालवलं जात होतं, त्याची ही गत झाली.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घट फक्त कुऱ्हाडीने झाली नाही. गोडं पाणी आटलं. गंगेचा ओघ शतकानुशतकं पूर्वेकडे सरकत होता, त्यात १९७५ मध्ये फराक्का धरणाने उन्हाळ्यातलं पाणी भागीरथीकडे वळवलं. सुंदरीला खारं पाणी सोसतं, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे ती शेंड्याकडून वाळत येते. भारतीय बाजूला मातला आणि विद्याधरी यांचं वरचं गोडं पाणी केव्हाच तुटलं, आणि ज्या झाडावरून जंगलाचं नाव पडलं तेच झाड तिथे आता दुर्मीळ आहे. हे सगळं मान्य. मात्र यातून कुऱ्हाड निर्दोष सुटत नाही. तोडीचं गणित मांडणाऱ्याने गोडं पाणी पूर्वीसारखंच येत राहील असं धरून चालणं, हाच त्या गणितातला दोष होता. पाणी बदललं की सर्वांत आधी मासे बदलतात: कुठल्या जातीचं पिल्लू कुठल्या फाट्यात येईनासं झालं, हे झाडाचा शेंडा वाळण्याच्या कितीतरी आधी जाळ्यात दिसतं. मासा मोजला असता, तर जंगलाचा आजार लवकर कळला असता.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. मलेशियातल्या मातांगचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. सुमारे ४०,००० हेक्टरचं हे कांदळवन शंभरहून अधिक वर्षं नियोजनाने तोडलं जात आहे. ३० वर्षांचं आवर्तन, कोळशासाठी लाकूड, मध्ये दोनदा विरळणी, पाण्याकाठची पट्टी राखलेली, तोडलेल्या जागी रोपं लावलेली. आणि त्याच जंगलाच्या आश्रयाने मासेमारी व शिंपल्यांचा मोठा धंदाही चालतो. मग खाजणात लाकूडतोड आणि मासा एकत्र नांदू शकत नाहीत, असं कसं म्हणायचं? मी तसं म्हणतही नाही. मातांगमध्ये जे चाललं ते का चाललं, एवढंच नीट पाहायला हवं. तिथे गोड्या पाण्याचा ओघ असा तुटलेला नाही, चक्रीवादळं नाहीत आणि झाड मुख्यतः एकाच जातीचं आहे. नदीकाठची न तोडलेली पट्टी ही तिथली खरी शहाणपणाची गोष्ट. पिल्लं आसरा घेतात ती त्या काठाला. तरीही हिशेब पुरा जुळलेला नाही. घरट्यांसाठी उंच, जुनी झाडं हवी असलेला मिल्की स्टॉर्क, म्हणजे आपल्या चित्रबलाकाचा भाऊबंद, तिथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तीस वर्षांत कापलं जाणारं झाड म्हातारं होतच नाही. आणि म्हाताऱ्या झाडावर अवलंबून असलेले जीव कुठल्याच आवर्तनात बसत नाहीत.

सुंदरबनात तर असे जीव पावलोपावली आहेत. केओडा नावाचं उंच झाड, कोकणातल्या चिपीच्या सख्ख्या नात्यातलं, नदीकाठच्या ताज्या गाळावर वाढतं. माकडं त्याचा पाला ओरबाडत शेंड्याकडे जातात. निम्मा खातात, निम्मा खाली टाकतात. खाली चितळांचा कळप तो वेचत उभा असतो. चितळामागे वाघ येतो. २०२२च्या व्याघ्रगणनेनुसार भारतीय सुंदरबनात सुमारे शंभर वाघ आहेत, आणि हा वाघ गरज पडली की मासे-खेकडेही खातो. पश्चिम बंगालचा राज्यप्राणी असलेला बाघरोल, म्हणजे पाण्यात शिरून मासे पकडणारं मांजर, हेही याच दलदलींचं. या साखळीतलं लाकूड कुठलं आणि वन्यजीव कुठला, हे वेगळं करून दाखवणं कठीण आहे. हे जंगलात जाणारे लोक फार पूर्वीपासून जाणतात. मध, लाकूड किंवा खेकड्यांसाठी आत शिरणारा हिंदू असो की मुसलमान, आधी बनबीबीला नमस्कार करतो. आणि तिची अट अशी, की गरजेपुरतंच न्यावं, हावरेपणा करू नये. या श्रद्धेला मी शास्त्र म्हणणार नाही. पण लाकूड, मध आणि मासा या तिघांसाठी एकच नियम लावण्याची समज तिच्यात आहे, आणि आमच्या कार्य आयोजनांमध्ये ती नव्हती.

मग सरळ बंदीच घालावी, असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि भारतीय बाजूला बऱ्याच अंशी तेच झालं. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९८७ मध्ये जागतिक वारसा. डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या जंगलतोडीला जो लगाम घातला, तो वेगळाच. झाडं राहिली, वाघ राहिला. माझ्या मते हे मोठं काम आहे आणि ते उलटवण्याची भाषा कुणी करू नये. २० मे २०२०ला अम्फान चक्रीवादळ सुंदरबनातून कोलकात्यावर आलं तेव्हा डमडमचा विमानतळ पाण्याखाली गेला. मध्ये ते जंगल नसतं तर वारं आणि लाटा आणखी किती आत घुसल्या असत्या, याचा विचारही करवत नाही. पण झाड तोडणं थांबलं म्हणजे मासा वाचला, असं नाही. जंगलाच्या समोरच्या काठावर बांधाआड वसलेल्या गावांमध्ये बायका कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात मच्छरदाणीसारखं जाळं ओढत तासन्‌तास चालतात. त्यांना हवं असतं बागद्याचं, म्हणजे वाघकोळंबीचं, केसाएवढं पिल्लू. ते भेड्यांना, म्हणजे कोळंबी-मासळीच्या बांधबंदिस्त तळ्यांना, विकलं जातं. जाळ्यात आलेले इतर शेकडो जीव काठावर फेकले जातात, त्यांत भेटकीची पिल्लंही असतात. शिवाय ओढत्या पायांखाली गाळावर नुकती रुजलेली केओड्याची आणि बाईनची, म्हणजे तिवराची, रोपं उखडतात. कुऱ्हाड नाही, तरी जंगल आणि मासा दोन्ही मारले जातात, तेही एकाच पावलाने.

या बायकांना गुन्हेगार ठरवणं सोपं आहे. गाभा क्षेत्रात जायला मनाई, बफरमध्ये जायला परवान्याची नाव हवी, आणि असे परवाने मोजकेच. परवाना बहुतेकदा एकाकडे आणि नाव भाड्याने घेणारा दुसराच. ज्याच्याकडे जमीन नाही, परवाना नाही, त्याला खेकड्यासाठी चोरून आत जाणं किंवा काठावर कोळंबीच्या पिल्लांसाठी जाळं ओढणं, एवढंच उरतं. आत गेलेल्याला वाघाने नेलं तर घरच्यांनी तोंड उघडायचं की नाही, हाही प्रश्न असतो, कारण तो जिथे गेला होता तिथे जाणंच बेकायदा होतं. २००६चा वनहक्क कायदा देशभर लागू झाला, पण सुंदरबनात त्याची अंमलबजावणी झालेली नाही. उलट याच पश्चिम बंगालने देशाला दुसरा धडा दिला होता. १९७२च्या सुमारास मेदिनीपूर जिल्ह्यातल्या आराबारीत वनाधिकारी अजित कुमार बॅनर्जी यांनी १,२७२ हेक्टर उजाड सालवन ६१८ कुटुंबांच्या राखणीला दिलं आणि उत्पन्नातला चौथा हिस्सा त्यांना देऊ केला. जंगल उभं राहिलं. आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. ज्याला वाटा मिळाला त्याने राखण केली, हे दोन्हीकडे दिसलं. सुंदरबनातल्या कोळ्याला मात्र आजवर वाटेकरी म्हणून कुणी पाहिलेलं नाही. तो घुसखोर तरी असतो, नाहीतर मदतीचा लाभार्थी.

महाराष्ट्राने याच प्रश्नाला वेगळ्या दारातून हात घातला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर आणि त्यांवर भराव टाकण्यावर राज्यभर बंदी घातली. २०१८च्या निकालात ती आणखी पक्की केली. २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष ठरवण्यात आलं. हे सगळं स्तुत्य आहे. पण सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी न्यायालयाची परवानगी घेऊन झाडं तोडता येतात, आणि तिथेच जुनी लाकडाची नोंदवही पुन्हा उघडते. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२,००० तिवरं तोडायला परवानगी मिळाली. आधीचा आकडा ५३,००० होता, तो कमी केला हे चांगलंच झालं. बदल्यात पाचपट रोपं लावण्याची हमी दिली गेली. रोपं मोजायची तर हिशेब फायद्याचा दिसतो. पण रोप लावलं जाईल दुसऱ्या खाडीत, आणि जिताड्याचं पिल्लू शिरणार आहे याच खाडीत. तोडलेल्या फाट्यावर जाळं टाकणाऱ्या कोळ्याला दूरच्या रोपवाटिकेचा काय उपयोग? पाचपट, दहापट हे शब्द झाडांपुरते खरे असतील. माशाच्या बाबतीत त्यांना अर्थ नाही.

झाडाची किंमत लाकडापलीकडे मोजायला आपण शिकू लागलो आहोत, आणि त्याचं एक उदाहरण योगायोगाने डमडमच्या वाटेवरच आहे. नागेरबाजार, विमानतळ, बारासात असा जाणारा जशोर रोड पुढे बनगाव ओलांडून बांगलादेशात शिरतो. या रस्त्यावरची ३५६ जुनी झाडं रेल्वेवरच्या पुलांसाठी तोडायची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा नेमलेल्या तज्ज्ञ समितीने उभ्या झाडाची किंमत काढली: वर्षाला ७४,५०० रुपये, आणि त्याचं वय जितकं, तितक्या पटीत. त्या हिशेबाने या झाडांचं मोल दोनशे कोटींच्या वर गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने तोडीला परवानगी दिली, कारण फाटकांवर होणारे अपघातही खरे होते. निकालाशी कुणी सहमत असो वा नसो, उभं झाड दरवर्षी काहीतरी देत असतं आणि ते मोजता येतं, हे एकदा कागदावर आलं. त्या यादीत प्राणवायू होता, खत होतं. रस्त्याकडेच्या शिरीषासाठी ते पुरेसं असेल. खाजणातल्या झाडाच्या यादीत पहिली ओळ माशाची लागेल.

ती ओळ लिहिणं अवघड नाही. खाजणात सरकारी असो की खासगी, कुठलीही तोड करण्याआधी त्याच फाट्यात दोन पावसाळे पिल्लं मोजावीत. पाण्याकाठची पट्टी कुठल्याही कारणासाठी तोडू नये. आणि भरपाई द्यायचीच, तर ती त्याच खाडीत, तिथे जाळं टाकणाऱ्यांच्या संमतीने द्यावी. ‘मासे मोजायला शास्त्रज्ञ कुठून आणायचे,’ असं विचारलं जाईल. रायगडात अलिबाग-पेण भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटाएवढी पिल्लं धरतात आणि गावतळ्यांत सोडतात. कुठल्या फाट्यात ती मिळतात, कुठल्या फाट्यात पूर्वी मिळायची आणि आता का मिळत नाहीत, हे त्यांना विचारलं तर ते सांगतात. मोजणी त्यांच्यापासून सुरू करता येईल.